कालपटाच्या नोंदी : पणजीचे ग्रंथालय, १८३२ पासून पुढे

१० जुलै

ठरले एकदाचे. नोव्हेंबरातल्या ग्रंथालय सप्ताहात, म्हणजे १४ ते २० तारखेला, आमच्या वाचनालयाच्या सभागृहात नऊ फलकांचा कालपट लावायचा. फलक तीन बाय दोन फुटांचे, सनबोर्डवर. कार्यकारिणीला ‘गोव्यातील वाचनसंस्कृती’ हा विषय हवा होता. मी आडवी गेले. त्या विषयावर नऊ काय, नव्वद फलक होतील आणि त्यातल्या ऐंशींवर सुविचार असतील. त्यापेक्षा एकच संस्था घेऊ आणि ती धड सांगू. पाट्टोवरचे कृष्णदास शामा गोवा राज्य केंद्रीय ग्रंथालय. फोंड्याकडून पणजीत उतरणाऱ्या सगळ्यांना ती इमारत ठाऊक आहे. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला जाऊन बसणारी आमच्या गावचीही पोरे आहेत. पण त्या संस्थेचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला, १८३२ सालचा, हे सांगितले की ‘काय सांगता!’ एवढेच ऐकू येते.

मजकूर मी लिहायचा, मांडणी सभासदांपैकी एकाचा मुलगा करणार (फाइन आर्टला आहे), पोर्तुगीज अडले तर सर आहेत. पैसे छपाईपुरते.

१४ जुलै

नुसता सांगाडा. १५ सप्टेंबर १८३२ : व्हाइसरॉय दोम मान्युएल द पोर्तुगाल इ काश्त्रो यांच्या कारकिर्दीत ‘पुब्लिका लिव्रारिया’ सुरू. १८३६ : ‘बिब्लियोतेका पुब्लिका’. १८९७ : ‘बिब्लियोतेका नासियोनाल द नोव्हा गोवा’. १९२५ : वास्को द गामा संस्थेला जोडले, नावातही वास्को द गामा आला. १९६१ नंतर सेंट्रल लायब्ररी. आणि आता कृष्णदास शामा.

हे असेच्या असे फलकावर उतरवले तर काम आजच संपेल. नाव बदलले, नाव बदलले, पुन्हा बदलले. संस्थांचे इतिहास बहुधा असेच लिहिले जातात आणि म्हणूनच ते कोणी वाचत नाही. मला दोनच प्रश्नांची उत्तरे हवीत : पुस्तके आली कुठून, आणि ती वाचायला कोण बसले. प्रत्येक फलकाला हे दोन प्रश्न विचारायचे. उत्तर मिळेल त्यालाच जागा मोठी.

१९ जुलै

बैठक. ‘भारतातले पहिले सार्वजनिक ग्रंथालय’ हे शब्द पहिल्या फलकावर ठळक हवेत, असा आग्रह. मी रत्नागिरीचे नाव काढले. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय १८२८ चे. तिरुवनंतपुरमचे १८२९ चे, आणि तेही पहिलेपणा सांगते. कलकत्त्याचे १८३६, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८. ‘पहिले’ ठरवायचे तर आधी ‘सार्वजनिक’ म्हणजे काय ते ठरवावे लागते : सरकारने काढलेले, वर्गणीवर चाललेले, की कोणीही आत येऊन बसावे असे? आपले ग्रंथालय सरकारी हुकुमाने निघाले. रत्नागिरी-पुण्याकडची साहेब अधिकारी आणि गावातली शिकलेली मंडळी यांच्या पुढाकारातून उभी राहिली. जातच वेगळी.

शेवटी ‘देशातल्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक’ यावर तडजोड झाली. दोघांचे चेहरे पडले. पडू देत.

२ ऑगस्ट

फलक १ चा मजकूर झाला. १८३२ ची पणजी डोळ्यांसमोर आणून द्यायची तर आधी आजची पणजी पुसावी लागते. व्हाइसरॉयचा मुक्काम १७५९ पासून इकडे होता, पण राजधानी म्हणून पणजीवर शिक्का बसला तो १८४३ साली, ‘नोव्हा गोवा’ या नावाने. मधल्या काळात हे मांडवीच्या काठचे दलदलीचे गाव. दोम मान्युएलने भर घातली, रस्ते आखले, इमारती उभ्या केल्या. आझाद मैदानासमोरची ती लांबच लांब इमारत, जिच्यात आज पोलिस मुख्यालय आणि मिनेझिस ब्रागांझा संस्था आहे, ती याच काळातली.

ग्रंथालय सुरू झाले ते लष्करी अकादमीच्या आश्रयाने. अकादमी १८१७ ची. म्हणजे पहिला वाचक गणवेशातला. छापखान्याचेही एक टोक इथे जोडता येते. आशियातला पहिला मुद्रणालय-यंत्राचा संच १५५६ मध्ये गोव्यात उतरला, ओल्ड गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात. पण अठराव्या शतकाच्या मध्यावर इथली छपाई थांबली ती थेट १८२१ मध्ये पुन्हा सुरू झाली, ‘गॅझेटा द गोवा’ या पत्रासह. जिथे छपाई इतकी वर्षे बंद होती, तिथे छपाई परतल्यावर अकरा वर्षांत ग्रंथालय निघते, हा क्रम मला बोलका वाटतो. फलकावर मात्र एवढेच : १५५६, खंड, १८२१, १८३२. मध्ये रिकामी जागा सोडायला सांगितली आहे. मांडणीवाला म्हणतो, रिकामी जागा वाईट दिसते. मी म्हटले, दिसू दे.

९ ऑगस्ट

आजचा दिवस ओल्ड गोव्यात गेला. पाऊस थांबून थांबून.

फलक २ हा या सगळ्या कामाचा कणा आहे, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवते. पोर्तुगालात गादीवरून दोन भावांचे युद्ध झाले, उदारमतवादी जिंकले आणि १८३४ च्या मे महिन्यात पुरुषांचे सगळे धर्मसंघ बरखास्त करणारा हुकूम निघाला. मठ बंद, मालमत्ता सरकारजमा. गोव्यात त्याची अंमलबजावणी १८३५ मध्ये झाली. ऑगस्टिनियन, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, कार्मेलाइट, थिएटाइन, सगळ्यांचे बिस्तर गुंडाळले गेले. आणि या मठांमध्ये पुस्तके होती. दोन-अडीचशे वर्षे जमवलेली : धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान, प्रवचने, लॅटिन व्याकरणे, संतचरित्रे. ती पणजीला आली. ‘पुब्लिका लिव्रारिया’ला खरे अंग भरले ते इथे. वाचकांनी मागितली म्हणून नव्हे, मालक उरले नाहीत म्हणून पुस्तके आली.

त्या वर्षी गोव्याचा कारभारही हेलकावे खात होता. बेर्नार्दो पेरिश द सिल्व्हा हे मूळचे गोमंतकीय गृहस्थ जानेवारी १८३५ मध्ये प्रिफेक्ट म्हणून कारभारावर आले आणि महिनाही न होता उलथवले गेले. या गोंधळात कोणी कोणत्या पेटाऱ्याची यादी नीट केली असेल, याची कल्पना करावी.

सेंट ऑगस्टिनचा मनोरा पाहिला. मठ १८३५ ला सोडला, १८४२ ला चर्चचे छत कोसळले, १९३१ ला दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा निम्मा हिस्सा पडला. उरलेला जांभा हिरवा झाला आहे. पावसात जांभ्याच्या भोकांतून पाणी झिरपत होते, खालच्या समाधिशिलांवर थेंब पडत होते. इथली पुस्तके पणजीला गेली नसती तर आज त्यांचे काय झाले असते, याचे उत्तर समोरच होते. तरीही त्या हुकुमाला मी ‘ग्रंथरक्षण’ म्हणणार नाही. ती जप्ती होती. जप्तीतून पुस्तके वाचली, हा योगायोग.

एक टीप मांडणीवाल्यासाठी : या फलकावर जेझुइटांचे चित्र टाकायचे नाही. त्यांना पोर्तुगीज मुलखातून १७५९ मध्येच हाकलले होते. १८३५ च्या बाडबिस्ताऱ्यात ते नाहीत. त्यांची गोष्ट नवव्या फलकावर येईल.

१७ ऑगस्ट

दिवसभर पाऊस, वीज नाही. काम शून्य.

२४ ऑगस्ट

पाट्टो. दुर्मीळ विभाग. पेन बाहेर ठेवायचे, आत फक्त पेन्सिल. हात धुऊन कोरडे करायचे.

लॅटिनचा एक जाडजूड ग्रंथ समोर आला. चामड्याची बांधणी, पाठीवरचे अक्षर गेलेले. मधले पान उघडले तर कसरीने केलेले भोक एका ओळीच्या बरोबर मध्ये. पान उलटले, भोक तिथेच. पुढचे पान, किंचित डावीकडे. असे ते भोक पन्नासेक पाने तिरके तिरके चालत गेले आणि एका समासात येऊन संपले. बाजूला एक हस्तलिखित होते. त्याचा रोग वेगळा. लोहयुक्त शाई कागद खाते. जिथे लेखकाने टाक दाबून रेघ ओढली तिथे कागदाला चिरा पडल्या आहेत, अक्षराच्या आकाराच्या. प्रकाशासमोर धरले तर शब्द शाईने नव्हे, उजेडाने दिसतात.

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. चार महिने हवा ओली. युरोपातल्या थंड कोरड्या खोल्यांसाठी बांधलेली पुस्तके इथे दोनशे-तीनशे वर्षे टिकली यात बांधणीकाराचे कौतुक आहे आणि नंतर झटकझाड करणाऱ्या माणसांचेही. इतिहासात त्यांची नावे येत नाहीत. फलक ३ त्यांना दिला : ‘वाळवी, कसर, बुरशी, शाई’. समितीतल्या एकांनी विचारले, हा काय फलकाचा विषय झाला? गावच्या वाचनालयाची कपाटे दर मे महिन्यात उन्हात कोण काढते, एवढेच मी त्यांना विचारले.

तिथेच ‘ख्रिस्तपुराणा’च्या हस्तलिखिताची पानेही पडद्यावर पाहिली. फादर थॉमस स्टीफन्सचा हा मराठी ओवीग्रंथ पहिल्यांदा १६१६ मध्ये छापला गेला, नंतर आणखी दोनदा, पण त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठे ठाऊक नाही. उरली ती हातांनी उतरलेली बाडे, बहुतेक रोमन लिपीत. पहिल्या नजरेला ते पोर्तुगीजच वाटते. ओठ हलवत, अक्षर अक्षर लावत गेले की तिसऱ्या चरणापाशी ओवी एकदम कानात बसते. शेजारचा अभ्यासिकेतला मुलगा वळून बघायला लागला, तेव्हा समजले की मी मोठ्याने वाचत होते.

२० सप्टेंबर

चतुर्थीमुळे खंड पडला होता. फलक ४ आणि ५ एका दमात.

चौथा : जुआकिम एलियोदोरो द कुन्हा रिव्हारा. १८५५ ते १८७० गोवा सरकारचे मुख्य सचिव. त्याआधी हे गृहस्थ पोर्तुगालातल्या एव्होराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल होते. म्हणजे मठांतून आलेला ढिगारा लावण्याचा सराव घेऊनच आले. इथे त्यांनी जुनी कागदपत्रे छापून काढली आणि १८५८ मध्ये कोकणी भाषेवरचा ऐतिहासिक निबंध लिहिला. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने देशी भाषा बंद करण्याचे फर्मान काढले होते. त्याच सत्तेचा एक सचिव पावणेदोनशे वर्षांनी ही भाषा शिकवा म्हणून लिहितो. हे दोन सन एकाच फलकावर आमने-सामने ठेवले आहेत.

पाचवा : वास्को द गामा संस्था, १८७१, पुढाकार कवी आणि सचिव टोमाश रिबैरू यांचा. १९२५ ला ग्रंथालय या संस्थेला जोडले गेले. १९३५ मध्ये इमारतीच्या प्रवेशदालनाला जॉर्ज कोलासू यांच्या निळ्या चित्रफरशा बसल्या, पोर्तुगीज कवी कामोइंशच्या महाकाव्यातल्या प्रसंगांच्या. त्या अजून तिथेच आहेत. वास्को द गामाचे नाव मात्र गेले. १९६३ पासून संस्था लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांच्या नावाने आहे. १९३० मध्ये विधिमंडळात गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा हक्क मांडणारे हेच. भिंतीवर पोर्तुगीज दर्यावर्दी, दारावर त्यांना जाब विचारणारा पत्रकार. फोटो काढायला परवानगी लागेल, अर्ज दिला.

३ ऑक्टोबर

‘वाचायला कोण बसले’ हा प्रश्न फलक ६ वर येऊन अडला होता. आज सरांकडे गेले.

माझी अडचण ही : १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले. त्यानंतर गावोगाव मराठी शाळा, वाचनालये निघाली. आमचेही त्याच लाटेतले. म्हणजे मराठी वाचणारा माणूस होता, पुष्कळ होता, पण त्याची पुस्तके मुंबई-पुण्याहून येत आणि देवळाच्या अग्रशाळेत (यात्रेकरूंच्या उतरायच्या जागेत) किंवा कोणाच्या तरी माडीवर ठेवली जात. पणजीचे सरकारी ग्रंथालय वाढत होते ते पोर्तुगीजात. १९५०च्या दशकात तर पोर्तुगालमधल्या कायदेशीर जमा-प्रतींच्या व्यवस्थेतून (छापलेल्या पुस्तकाच्या प्रती ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायची सक्ती) तिथली नवी पुस्तके इकडे येऊ लागली. एकाच प्रदेशात दोन वाचनविश्वे, आणि एकमेकांच्या घरी जाणे-येणे बेताचेच.

सर १९६१ साली पणजीच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकत होते. १९ डिसेंबरनंतर काय झाले, विचारले. ते म्हणाले, पुस्तकांना काहीच झाले नाही, सगळी जागच्या जागी होती. वर्गातली निम्मी मुले दोन-तीन वर्षांत गेली, कोणी लिस्बनला, कोणी मुंबईला. नवीन शाळा मराठी नि इंग्रजी. मग एकदम कोकणीत : ‘पुस्तकां आसात गो, वाचपी खंय आसात?’ आणि हसले. चहा आला. नंतर स्वतःच म्हणाले, तेव्हा तिकडचे रडगाणे गाणारे बरेच होते, पण माझ्या आईला पोर्तुगीज अक्षर वाचता येत नव्हते, तिने त्या इमारतीची पायरी १९६१ नंतरच चढली, माझ्याबरोबर, मराठी मासिके बघायला.

फलक ६ चा मजकूर परतताना बसमध्येच लिहिला. सरांचे आईबद्दलचे वाक्य नावाशिवाय घालायला त्यांनी हो म्हटले.

फलक ७ : वर्तमानपत्रे. ‘ओ उल्त्रामार’ १८५९, ‘ओ हेराल्दो’ २२ जानेवारी १९००, हे गोव्यातले पहिले दैनिक, १९८३ पासून इंग्रजीत. ‘गोमन्तक’ मराठीत, मुक्तीनंतर. वर्तमानपत्राचा कागद सगळ्यात हलका आणि वाचकांची मागणी सगळ्यात जास्त, म्हणून डिजिटल प्रतींचा उपयोग इथे सर्वाधिक. जास्त लिहायची गरज नाही, जुन्या अंकांची चित्रे बोलतील.

१२ ऑक्टोबर

नववा फलक. यावरून भांडण होणार हे ठाऊक होते आणि झाले.

कृष्णदास शामा केळशीचे, सासष्टीतले. १५२६ मध्ये त्यांनी भागवताच्या दशमस्कंधाच्या आधाराने कृष्णचरित्राची कथा मराठी ओव्यांत रचायला घेतली. एकनाथांच्याही आधी. आता हा मजकूर आपल्याला मिळाला कुठे? गोव्यात नव्हे. उत्तर पोर्तुगालातल्या ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात, ७७१, ७७२, ७७३ क्रमांकांच्या बाडांमध्ये. त्यांत मराठी काव्यही आहे आणि रामायण-महाभारताच्या कोकणी गद्य कथाही. सगळे रोमन लिपीत. सोळाव्या शतकात जेझुइटांनी हिंदूंच्या पोथ्या मिळवल्या आणि भाषा शिकण्यासाठी, धर्मचर्चेत वाद घालण्यासाठी त्या रोमन लिपीत उतरवून घेतल्या. मूळ पोथ्या गेल्या, उतारे राहिले. डॉ. मारियानो साल्दान्य यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर या बाडांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

बैठकीत भांडण अपेक्षित मुद्द्यावर : शामा मराठीचे की कोकणीचे? एकजण उठून उभे राहिले, दुसऱ्याने १९८७ चा राजभाषा कायदा काढला, तिसऱ्याने चहा मागवला. मी एवढेच म्हटले की कृष्णकथेच्या ओव्या मराठी आहेत, गद्य कथांची भाषा कोकणी आहे, आणि गद्य कथा शामांच्याच का यावर अभ्यासकांनी भांडावे, फलकाने भांडू नये. मान्य झाले. अर्धवट.

पण मला जे खरे फलकावर हवे होते त्याकडे कोणाचे लक्षच नव्हते. ब्रागाचे ते ग्रंथालय निघाले १८४१ साली. कशासाठी? १८३४ च्या हुकुमाने बंद पडलेल्या मठांची पुस्तके ठेवायला. म्हणजे फलक २ वरचाच हुकूम. त्याने ओल्ड गोव्याच्या मठांतली लॅटिन पुस्तके पणजीच्या कपाटांत घातली आणि त्याच हुकुमातून ब्रागाला जे ग्रंथालय उभे राहिले त्यात आज केळशीच्या माणसाच्या ओव्या आहेत. दोन्ही सार्वजनिक ग्रंथालये एका जप्तीची लेकरे. आणि पणजीच्या दारावर नाव आहे ते ब्रागातल्या बाडाच्या कर्त्याचे.

यासाठी फलक २ आणि ९ या दोघांची किनार एकाच लाल रंगाची करायला सांगितली. बाकी सगळ्यांची निळी.

२८ ऑक्टोबर

फलक ८, चटकन. १९९३ चा गोवा सार्वजनिक ग्रंथालय कायदा, राज्य-तालुका-गाव अशी उतरंड, नंतर पाट्टोवरच्या संस्कृती भवनातली नवी बहुमजली इमारत. वाचक आता कोण? खालच्या मजल्यांवर बालविभाग आणि वर्तमानपत्रे वाचणारे ज्येष्ठ, वर स्पर्धा परीक्षांची मुले, दुर्मीळ विभागात मोजके संशोधक. एका फलकात मावले. आपल्या गावच्या वाचनालयाला अनुदान कोणत्या कायद्याखाली येते, ते मुद्दाम लिहिले. कार्यकारिणीतल्या काहींनाही ते नवीन होते.

चित्रफरशांच्या फोटोची परवानगी आली.

५ नोव्हेंबर

छपाईच्या दुकानात सगळे ‘ऱ्या’ फुटले. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’, ‘पायऱ्या’चे ‘पायर्या’. युनिकोडमधला मजकूर त्यांच्या जुन्या मांडणी सॉफ्टवेअरात चिकटवला की हे ठरलेले. ‘ख्रिस्त’चा खही वेगळा झाला. वर त्यांचा मुलगा म्हणतो, मॅडम, लोकांना कळते. ग्रंथालय सप्ताहाचा फलक आहे बाबा. मांडणीवाल्याने रात्री बसून प्रत्येक फलकाची अक्षरे आकृतीत बदलून नवी पीडीएफ दिली. आता दुकानातला संगणक त्यांना हात लावू शकत नाही. चार फलक पुन्हा छापावे लागले, खर्च निम्मा त्यांनी घेतला. बजेट संपले. मंडपाच्या कापडाला पैसे नाहीत, वाचनालयाचे निळे पडदे चालतील.

१३ नोव्हेंबर

फलक लावले. सभागृहाचा मोठा दरवाजा दुरुस्तीला काढलाय, त्यामुळे लोक मागच्या दाराने येणार आणि सगळ्यात आधी नववा वाचणार. उलट क्रमाने लावू का, असा विचार केला, पण भिंतीची लांबी जमत नाही. राहू दे, ब्रागातून सुरू करून १८३२ ला पोचले तरी गोष्ट लागते. फलकांचे आकडे फक्त मोठे करून वेगळे चिकटवले. तिसऱ्या फलकाखाली एक टेबल ठेवून त्यावर आमच्याच कपाटातली कसर लागलेली दोन पुस्तके काचेखाली ठेवली आहेत. काच उपाध्यक्षांच्या घरच्या टीपॉयची, २१ तारखेला परत द्यायची. आठव्याचा डावा खिळा हलतोय, सकाळी सुताराला बोलवायचे.